‘फिडेलिओ’ पाहून आल्यावर

ड्रेस्डेन

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, त्या ऑपेरात एवढं काय आहे की पोरगी दोन दिवस दुसरं बोलत नाही? तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बेथोव्हननं आयुष्यात एकच ऑपेरा पुरा केला, तो ‘फिडेलिओ’. खरं बोलला म्हणून फ्लोरेस्तानला तुरुंगाच्या तळघरात उपाशी मरायला टाकलंय. त्याची बायको लिओनोरे पुरुषवेश करून, फिडेलिओ नाव घेऊन, त्याच तुरुंगात जेलरच्या हाताखाली कामाला लागते. पुढे जेलरबरोबर तिला तळघरात कबर खणावी लागते. अंधारात समोरच्या कैद्याचा चेहराही नीट दिसत नाही. तो आपलाच नवरा आहे की दुसरा कुणी, हे कळायच्या आत ती मनाशी ठरवते, तू कुणीही अस, मी तुला सोडवणार. आई, या जागी मला तुझी फार आठवण आली.

व्हिएन्नात 20 नोव्हेंबर 1805 ला पहिला प्रयोग झाला तेव्हा नेपोलियनचं सैन्य शहरात शिरून आठवडाच झाला होता. बेथोव्हनचे चाहते शहर सोडून गेलेले, आणि थिएटरात बसले होते ते बरेचसे फ्रेंच अधिकारी. तीन प्रयोगांत खेळ बंद पडला. 1814 मध्ये, नेपोलियन पडल्यावर, सुधारलेला ‘फिडेलिओ’ त्याच व्हिएन्नानं डोक्यावर घेतला. संगीतात बदल झाले होते हे खरं, पण मला वाटतं ऐकणारेही बदलले होते.

मला सगळ्यात जास्त छळतं ते पुढचं. नाझींच्या राज्यातही ‘फिडेलिओ’ होतच राहिला. थॉमस मान या लेखकानं 1945 मध्ये विचारलं होतं की नाझी पोलीसप्रमुख हिमलरच्या जर्मनीत यावर बंदी कशी आली नाही? छळछावण्या चालवणाऱ्या देशातले लोक हे ऐकून टाळ्या वाजवून घरी जात होते. बॉम्बहल्ल्यात जळालेलं व्हिएन्नाचं ऑपेरागृह 5 नोव्हेंबर 1955 ला पुन्हा उघडलं ते याच ऑपेरानं. आत जागा न मिळालेले लोक रस्त्यावर उभे राहून ध्वनिक्षेपकांवर ऐकत होते. संगीत संचालन करणारे कार्ल ब्योम नाझी काळातही त्याच ऑपेरागृहाचे प्रमुख होते. त्या आनंदावर मला निर्धास्त विश्वास ठेवता येत नाही.

ड्रेस्डेनचं मात्र वेगळं. 7 ऑक्टोबर 1989, पूर्व जर्मनीचा चाळिसावा वाढदिवस. थोडेच दिवस आधी प्रागहून पश्चिमेकडे निघालेल्या निर्वासितांच्या गाड्या इथल्या स्टेशनातून गेल्या होत्या आणि स्टेशनाबाहेर पोलीस आणि लोकांची धुमश्चक्री झाली होती. इथल्या सेम्परऑपेरा या ऑपेरागृहात क्रिस्टीने मीलिट्स यांनी बसवलेल्या ‘फिडेलिओ’चा पडदा वर गेला, तर समोर काटेरी तारांचं कुंपण! पहिल्या अंकात कैद्यांना घटकाभर उजेडात सोडतात. ते हळूहळू बाहेर येतात, मोकळ्या हवेत श्वास घेतात, आणि एकमेकांना बजावतात, हळू बोला, आपल्यावर कान आणि डोळे आहेत. स्टाझीच्या, म्हणजे पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांच्या, राज्यात राहणाऱ्यांना हे कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. टाळ्या थांबेनात. महिन्याभरानं बर्लिनची भिंत पडली.

मी त्याच थिएटरात ‘फिडेलिओ’ पाहिला. कैद्यांचा तो कोरस सुरू झाला तसं शेजारच्या खुर्चीवरच्या आजींनी मांडीवरचा कार्यक्रमपत्रिकेचा कागद घट्ट वळायला सुरुवात केली, तो शेवटी फाटला. मध्यंतरात त्यांनी सांगितलं, त्या ऑक्टोबरात त्यांच्या मुलाला स्टेशनाजवळ पकडून नेलं होतं. ऑपेराच्या शेवटच्या, सुटकेच्या जल्लोषाला सगळं सभागृह उभं राहिलं, त्या बसूनच होत्या. मलाही तो जल्लोष थोडा लांबलेलाच वाटतो. माझा जीव अडकलाय तो कोरसमध्ये.

बाबा, तुम्ही खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’बद्दल सांगायचात ना? कीचक पाहून प्रेक्षक मनात कर्झन ओळखायचे, आणि 1910 मध्ये इंग्रजांनी नाटकावर बंदी घातली. सरकारला ते प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरूनच कळलं असणार. ड्रेस्डेनच्या त्या रात्रीबद्दल वाचताना मला सारखी तुमची तीच गोष्ट आठवत होती.

सोबत रेकॉर्डिंगची लिंक पाठवते आहे. सगळं ऐकायचा आग्रह नाही, पहिल्या अंकाच्या शेवटचा कैद्यांचा कोरस तेवढा ऐका. आई, तू दुसऱ्या अंकातला कबर खणायचा प्रसंग ऐक, आणि काय वाटलं ते रविवारी फोनवर सांग. बाबांना चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला लाव.

तुमची,
मीनू