येळ्ळूरच्या घराचं करंट कनेक्शन: आई-बाबांना

ती. बाबा आणि सौ. आई, सा. न.

काल फोनवर बाबा म्हणाले वायरमन 22 किलोवॅटचा लोड (म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची त्याची मंजुरी) मागा म्हणतोय, आणि मोठं घर आहे तर मोठंच घेऊन टाकू. मी तेव्हा स्टॅन्डवर होते, मागे गाड्यांचा आवाज, नीट सांगता आलं नाही, म्हणून हे निवांत लिहिते. बाबा, अजून सही करू नका.

त्यानं पाठवलेली यादी मी बघितली. चार गीझरचे 8, दोन एसीचे 3, इंडक्शन 2, वॉशिंग मशीन 2, ओव्हन 1.2, बोअरची 3 एचपी मोटर म्हणजे 2.2, घरघंटी पाऊण, आणि फ्रीज-मिक्सर-फॅन-लाईट मिळून 2 धरलेत. बेरीज 21 च्या वर जाते, ती बरोबरच आहे, पण हे सगळं एका वेळी चालू कधी असणार सांगा बघू? आई घरघंटीवर ज्वारी दळत असताना कोण चारी बाथरूममध्ये गरम पाणी लावून वर एसीत झोपणार आहे!

आपल्याकडची सगळ्यात जड वेळ म्हणजे गणपतीची सकाळ. पुण्यावरनं आम्ही, कोल्हापूरवरनं काका-काकू, आत्याची पोरं, सगळ्यांना आंघोळ करून आरतीला उभं राहायचं असतं. तीन गीझर 6, इंडक्शन 2, मिक्सर पाऊण, बाकी 1, झाले पावणेदहा. त्यातही 15 लिटरचा गीझर 20-25 मिनिटांत तापला की आपोआप बंद पडतो. मोटर तेवढी दुपारी लावायची, टाकी आदल्या दिवशी भरून ठेवायची. म्हणून माझं म्हणणं, 10 किलोवॅट थ्री फेज (खांबावरनं करंटची एक तार न घेता तीन तारा) मागा, बास. हेस्कॉमच्या (आपल्या कर्नाटकातल्या वीज कंपनीच्या) बिलात फिक्स चार्ज मंजूर लोडवर दर किलोवॅटला लागतोय, तुम्ही वीज वापरा नाहीतर दार लावून तीर्थाला जा. उगीच 12 किलोवॅटचे जास्तीचे पैसे महिन्या-महिन्याला कशाला भरायचे?

सिंगल फेजवर एवढाच लोड घेतला तर एका वायरीतनं 43 अँपिअर जाणार, थ्री फेजवर वाटून दिला तर फेजला 14 च्या आसपास. पण वाटून म्हणजे खरंच वाटून! बरेच वायरमन सोयीसाठी सगळे गीझर एकाच फेजवर टाकून मोकळे होतात. त्याला सांगा प्रत्येक मजल्याचे गीझर वेगळ्या फेजवर, आणि लाईट-फॅन पण तिन्हीवर, म्हणजे पावसाळ्यात एक फेज गेली तरी अख्खं घर अंधारात बसणार नाही. बोअरला सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेली की मोटर बंद करणारं यंत्र) पाहिजेच, दोन फेजवर मोटर फिरत राहिली की वाइंडिंग जळतंय.

पैसे वाचवायचे ते लोडमध्ये वाचवा, वायरीत नको. लोड उद्या अर्ज करून वाढवता येतो, पण प्लास्टर झाल्यावर पाईपातनं जाड वायर ओढणं म्हणजे मिस्त्रीशी रोज भांडण. मेन केबल तांब्याची 10 स्क्वेअर एमएम, गीझर-एसीला 4, प्लगना अडीच, लाईटला दीड. पोर्चमध्ये 6 ची एक लाईन आत्ताच टाकून ठेवा, दादा इलेक्ट्रिक गाडी घेतो म्हणतोय, साध्या 16 अँपिअरच्या पॉइंटवर ती रात्री साधारण 3.3 किलोवॅट घेते, आणि रात्री घरात दुसरं काय चालू असणार.

आता न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची तार. मावशीकडे गेल्या पावसाळ्यात टीव्ही, फ्रीज आणि पाण्याचा फिल्टर एका झटक्यात गेले ते आठवतंय ना? मी बोर्ड उघडून बघितला होता, खांबावरनं आलेली अ‍ॅल्युमिनियमची तार आणि आतली तांब्याची वायर नुसती पिळून वर टेप गुंडाळलेली, टेपखालचा जोड काळा पडून भुगा झालेला. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला की 230 च्या जागी 400 पर्यंत व्होल्टेज घरात येऊ शकतं, आणि एमसीबीला (करंट जास्त झाला की पडणाऱ्या स्विचला) त्याचा पत्ता नसतो. म्हणून जोडाला बायमेटल लग (दोन वेगळ्या धातूंच्या तारा जोडायचा खास तुकडा) लावून घ्या, मेनला ओव्हरव्होल्टेजचं प्रोटेक्शन बसवा, बाथरूम आणि पोर्चच्या लाईनींना 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (करंट गळाला की लगेच लाईन तोडणारा स्विच).

अर्थिंगचे दोन वेगळे खड्डे मागा. आणि रीडिंग मे महिन्यात घ्या, पावसात ओल्या जमिनीत कुणाचंही अर्थिंग चांगलंच दिसतंय.

सोलरचं बाबा विचारत होते. 3 किलोवॅटला केंद्राची 78,000 सबसिडी आहे, जरूर घ्या, पण लाईट गेली की ग्रिडवाला (खांबावरच्या लाईनला जोडलेला) सोलर पण बंद पडतो, नाहीतर खांबावरच्या लाईनमनला करंट लागेल. त्यामुळे इन्व्हर्टर-बॅटरी वेगळी लागणारच.

अर्ज कन्नडमध्ये असतोय, बाबांना वाचता येतंय तरी लोडचा रकाना दोनदा बघा. आई, देवघरात, ओट्यावर, तुझ्या शिलाई मशीनपाशी, जिथं जिथं पॉइंट पाहिजे तिथं उद्याच खडूनं खूण कर आणि मला फोटो पाठव, सोमवारी मिस्त्री भिंत खाचायला येतोय.

तुमची लेक