रविवारी भाड्याच्या विषयावर बसायचंय, मालक भाडेकरू दोघांनी या

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता बी विंगच्या पार्किंगमध्ये. सिडकोतले, इंदिरानगरचे, पंचवटीकडचे सगळे या, गेल्या वेळी नुसते मालकच आले आणि तासभर भाडेकरूंच्या नावाने शंख झाला.

येताना अ‍ॅग्रीमेंट, भाड्याच्या पावत्या आणि आलेली नोटीस, सगळ्याची झेरॉक्स आणा.

तोवर एवढं लक्षात ठेवा:

- भाडं थकलं म्हणून लाईट पाणी तोडायचं नाही, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम २९ त्यासाठीच आहे. कुलूप बदलणं तर अजिबातच नको.
- भाडेकरू असेल तर आधी लेखी मागणीची नोटीस, मग ९० दिवस थांबायचं, त्यानंतरच थकबाकीसाठी घर खाली करायचा दावा. कोर्टाचं समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत वर्षाला १५ टक्के साध्या व्याजाने आणि खर्चासकट सगळं भरलं तर घर वाचतं.
- लिव्ह अँड लायसन्सवाल्यांना (म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवान्यावर राहणाऱ्यांना) हे ९० दिवसांचं लागू नाही! मुदत संपूनही राहिलात तर ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम लागू शकते.
- अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करणं मालकाची जबाबदारी, नोटरी चालत नाही.

भाडं रोख देत असाल तर पावती घ्याच, लाजू नका.