सूचना : रविवारची बैठक, विषय ब्लूमबर्ग यांचे संशोधन

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता दादरला नेहमीच्या जागी बैठक आहे. या वेळी हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजारावरील अमेरिकी वैज्ञानिक बारूक ब्लूमबर्ग यांच्या संशोधनाविषयी बोलू. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो, तो का, हेही त्यातून कळेल.

विशेष म्हणजे ते यकृताचा अभ्यास करतच नव्हते! माणसामाणसांच्या रक्तातील प्रथिनांत आनुवंशिक फरक कोणते, याचा ते शोध घेत होते. वारंवार रक्त चढवलेल्या न्यूयॉर्कच्या एका हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) रुग्णाच्या रक्तद्रवाची ऑस्ट्रेलियातील एका मूलनिवासी माणसाच्या रक्तद्रवाशी अभिक्रिया झाली. ऑस्ट्रेलियातील त्या रक्तद्रवात सापडलेल्या या प्रथिनाला 'ऑस्ट्रेलिया अँटिजेन' म्हटले गेले; त्याचा पाठपुरावा करताना १९६७ च्या सुमारास त्याचा हिपॅटायटिस बी शी संबंध उलगडला. १९६९ मध्ये ब्लूमबर्ग यांनी सहकारी अर्व्हिंग मिलमन यांच्यासह लसीची कल्पना मांडली, १९७६ मध्ये ब्लूमबर्ग यांना नोबेल मिळाले. हिपॅटायटिस बी चा विषाणू वर्षानुवर्षे यकृतात राहून कर्करोग घडवू शकतो, म्हणून ही लस कर्करोगही टाळते. तैवानने १९८४ पासून नवजात बाळांना ती दिली आणि मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. मला तर हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

घरात बाळ येणार असेल त्यांनी जरूर यावे. पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत का, यावर सविस्तर बोलू. एकत्र जेवल्याने हा आजार पसरत नाही, हेही तिथे स्पष्ट करू.

रविवारी मेगाब्लॉक असू शकतो, लोकलचे वेळापत्रक पाहून निघा. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे, खुर्च्या सांगायच्या आहेत.

– कार्यवाह