पंख्याच्या बटणाला टेप लावणाऱ्या काकांना

काका,

नाव टाकलंस तर परत घरी येणार नाही अशी धमकी दिलीयेत म्हणून नाव टाकत नाहीये. पण लिहिणार तर आहेच, कारण समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाक" म्हणून विषय बदलता.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडे बंड्या नावाचा कॉकाटील आहे, म्हणजे छोटा परदेशी पोपट, पिवळा, गालावर केशरी टिकली आणि डोक्यावर तुरा. (आल्या आल्या शेजारच्या वहिनींनी विचारलंच, पोपट पाळणं गुन्हा आहे ना गं? बरोबर आहे वहिनी, आपला हिरवा देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो, तो घरात ठेवता येत नाही, तरी गावोगाव मिठू म्हणून पिंजऱ्यात टांगलेला असतोच. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा, इथे पिंजऱ्यातच पैदास होते, त्याची गोष्ट वेगळी.) आई दिवसभर घरी एकटी असते म्हणून आणला. दुकानदार म्हणाला एकदम हँडटेम आहे ताई, खांद्यावर बसून टीव्ही बघेल. प्रत्यक्षात हात दिसला की हा तुरा मागे चपटा करून फुस्स करायचा आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात जाऊन गजांवर आपटायचा. आई बिचारी लांबूनच "ये रे बाळा" करायची.

दुकानदाराला फोन केला तर म्हणे आणा इकडे, पंख कट मारून देतो, फ्री, लगेच गरीब होतो. डॉक्टरांकडे नेला, कुत्र्यामांजरांचा दवाखाना होता, त्यांनी पिंजऱ्यात नीट डोकावलंसुद्धा नाही, म्हणाले कापा की, नखं कापल्यासारखंच असतं ते. फी मात्र पूर्ण घेतली. सोसायटीच्या ग्रुपवर तर दोन पार्ट्या पडल्या, एक म्हणे टॉवेलमध्ये घट्ट धरून बसा, आपोआप सवय होते, दुसरी म्हणे मुक्या जीवाचं स्वातंत्र्य हिरावू नका, सोडून द्या. अहो सोडून कुठे द्या, पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी आमच्या चौकात कावळे नि मांजरं सोडतील का त्याला? पण हे विचारल्यावर सगळे गायब.

आणि मग तुम्ही आलात. ओळख ना पाळख, माझ्या मावसबहिणीने नुसता नंबर दिला होता, तर दोन बस बदलून भर मे महिन्यात दुपारचे आलात. आल्यावर बंड्याकडे बघितलंच नाहीत, आधी वर बघितलंत. पंखा फुल स्पीडवर होता. तो बंद केलात, खिशातून काळी इलेक्ट्रिकची टेप काढलीत, दाताने तुकडा तोडलात आणि बटणावर आडवी चिकटवलीत. म्हणालात, "आधी ह्याचं बघू, पोपटाचं नंतर." आणि घाम पुसत पिंजऱ्याकडे पाठ करून खाली फरशीवर बसलात, खांद्याजवळ राळ्याचं कणीस धरून, आईशी एसटीच्या वर्कशॉपमधल्या गप्पा मारत. बराच वेळ. शर्ट भिजून पाठीला चिकटला होता तुमचा, पण पंखा लावा म्हणाला नाहीत.

काका, त्या टेपने मला रडू आलं होतं, मी किचनमध्ये गेले ते त्याच्यासाठी, सरबत हे निमित्त होतं. तोपर्यंत जो तो बंड्याचं काय कापायचं तेच सांगत होता, घरात काय बदलायचं हे बघणारे तुम्ही पहिलेच.

पंख कापायचे की नाही ह्यावर तुम्ही भाषण दिलं नाहीत हेही मला आवडलं. एवढंच सांगितलंत की पिल्लू आहे, अजून नीट उतरायला शिकलेलं नाही, आता बेताल कापलं तर दगडासारखं छातीवर पडेल आणि छातीच्या हाडाला लागेल. नवीन उगवणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असतं, ते चुकून कापलं तर धार लागते. दुकानवाले एकाच बाजूचं कापतात त्याने तोल जातो. आणि कापलेलं पीस पुन्हा यायला ते झडायची वाट बघावी लागते, म्हणजे कित्येक महिने. वर हेही की कापलेला पक्षीसुद्धा बाल्कनीत वाऱ्याच्या झोताबरोबर जाऊ शकतो, तेव्हा कापलंय म्हणून निर्धास्त राहायची सोय नाही. पण एका घरी तुम्ही स्वतः कापा म्हणून सांगितलंत, तिथे पोरं सारखी दार उघडी टाकायची आणि गॅसवर कायम कढई, तिथे दोन्ही बाजूंची सारखी, मोजकीच पिसं. तत्त्वाचा आव नाही, घर बघून सल्ला. आईने विचारलं, पण कापल्यावर माझ्याकडे येईल ना? तर तुम्ही म्हणालात, "येईल हो, दुसरीकडे जाता येत नाही म्हणून येईल." आईने तिथल्या तिथे नको म्हणून सांगितलं.

आमच्या खिडक्यांना कबुतरांसाठी जाळी होतीच, बाल्कनीला पण लावून घेतली. नॉनस्टिक तवा जास्त तापला की त्याच्या धुराने पक्षी मरतात हे तुमच्याकडूनच कळलं, तो माळ्यावर गेला. रात्री अंधारात दचकून फडफडायचा, तर झिरोचा बल्ब ठेवायला लागलो. बाकी आईने तुम्ही सांगितलं तसंच केलं, म्हणजे काहीच केलं नाही, पाठ करून बसायची आणि भाजी निवडायची. मला वाटायचं कसलं काय होतंय. एका संध्याकाळी तो आपणहून उडून आला आणि तिच्या चष्म्याच्या काडीवर लटकला. आई हलली नाही, श्वास पण घेत नसावी, मला फक्त डोळ्यांनी खुणावत होती, बघ बघ. आता हाताची पालथी बोटं पुढे केली की चढतो, पोटभर उडतो, आणि झोपायला स्वतःच पिंजऱ्यात जातो.

पैसे घेतले नाहीत. मेतकुटाची बाटली घेतलीत तीपण आईने पिशवीत कोंबली म्हणून. हल्ली कुणाला काही विचारलं की लिंक पाठवतात किंवा फी सांगतात, आणि फी घेण्यात काही वाईट नाही, पण निदान त्या पक्ष्याकडे बघा तरी. रिटायर झालेला माणूस परक्याच्या घरी फरशीवर घाम गाळत बसतो, कशासाठी, तर एका बाईचा पोपट तिच्या जवळ यावा म्हणून. अशी माणसं आहेत आजूबाजूला, स्वतःचं नाव लावू देत नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत एवढंच.

एक मदत मात्र अजून लागणार आहे. बंड्या हल्ली हुबेहूब कुकरची शिट्टी मारतो आणि आई दर वेळी गॅस बंद करायला उठते. काल अर्धा कच्चा भात खाल्लाय आम्ही. ह्याच्यावर काही उपाय असेल तर कळवा.

तुमची,
बंड्याच्या घरची