समुद्र ठरला होता, गाव ठरत नव्हतं

प्रिय मंद्या,

तुझे व्हॉईस मेसेज ऐकले सगळे, शेवटच्यात तर मागे बोटीचं इंजिन एवढं घुरघुरतंय की निम्मं कळलंच नाही, पण प्रश्न कळला. कोची का नाही आणि माझ्या बायकोने, सुप्रियाने, ती आमच्या राहायला जायच्या गावांच्या लिस्टमधून कशी काय उडवली. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत सांगितलं तर तू भांडशील, म्हणून लांबलचक लिहितोय, ड्युटी संपली की निवांत वाच.

आमच्या कंपनीने आता महिन्यातून तीन-चार दिवस बाणेरच्या ऑफिसात तोंड दाखवा, बाकी कुठूनही काम करा असं करून टाकलंय हे तुला माहितीय. आपण पडलो कराडचे, समुद्र आपल्याला सहलीपुरता. पण एकदा रोज संध्याकाळी किनाऱ्यावर चक्कर मारता येईल अशा ठिकाणी राहायचं हे डोक्यात बसलं ते बसलं. बॉसला सांगितलं तर म्हणतो मुंबई पण समुद्रकिनारीच आहे की! हो आहे ना, वर्सोव्यात खिडकीतून समुद्र दिसायचे जेवढे पैसे मागतात तेवढ्यात मी समुद्र न बघता सुखाने जगेन.

तर मुद्दा असा की नोकरी आणि लाईफस्टाईल बघून शहर निवडायचं म्हणतो तेव्हा नोकरी कुणाची हे आधी बघायला लागतं. माझी नोकरी बॅगेत मावते. सुप्रियाची नाही मावत. फिजिओथेरपिस्ट म्हणजे टेबल लागतं, मशीन लागतं आणि मुख्य म्हणजे पेशंट लागतो, आणि पेशंट येतो तो कुणीतरी सांगितल्यावर. पुण्यात तिचं हे सगळं बसलेलं आहे, ते मोडून निघायचं तर जिथे ते परत उभं राहील तिथेच जाण्यात अर्थ आहे, नाहीतर मी संध्याकाळी वाळूत फिरणार आणि ती घरात बसून माझे इन्स्टाचे फोटो लाईक करणार. असली लाईफस्टाईल चार महिने टिकत नाही.

आता तुझी कोची. मला स्वतःला आवडली, खोटं कशाला बोलू. 2023 ला वॉटर मेट्रो सुरू झाल्यापासून तू फोटो टाकून टाकून जीव खाल्लास आणि हायकोर्ट ते व्हायपिन ती बोट खरंच भारी आहे, एसी, स्वच्छ, माणसं डबे घेऊन ऑफिसला चाललीयत. काक्कनाडला इन्फोपार्क हे आयटी पार्क आहे, म्हणजे उद्या माझी नोकरी गेलीच तर तिथल्या तिथे दुसरी मिळू शकेल असं गाव अख्ख्या लिस्टमध्ये हेच. पण तुझं वेगळं आहे रे, तुला नेव्हीचं क्वार्टर, कॅन्टीन, आजूबाजूला सगळे हिंदी बोलणारे. सुप्रियाकडे येणार पंच्याहत्तरीची अम्मा, तिला मल्याळममध्ये सांगायचंय की कळ कमरेतून निघते आणि पोटरीत उतरते, आणि ही बाई हातवारे करत बसणार. बरं, पाऊस पण तुमच्याकडे एक जूनला हजर आणि ऑक्टोबरात आमचा आवरला की तुमचा दुसरा हप्ता चालू. आणि आईला घेऊन अधूनमधून कराडला जायचं तर ते अंतर बघ जरा.

विशाखापट्टणम पण कुणीतरी सुचवलं होतं. गाव देखणं आहे, रुषिकोंड्याचा किनारा तर मस्तच, पण 2014 च्या हुदहुद वादळात तिथलं काय झालं होतं ते आईने टीव्हीवर बघितलेलं आणि तिच्या बरोब्बर लक्षात आहे. विषय संपला. चेन्नईला डिसेंबरात पाणी भरतं, तोही संपला. अलिबाग मात्र मी जरा रेटून बघितलं, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट रो-रोने जाता येतं, पण जागांचे भाव मुंबईच्या वीकेंडवाल्यांनी वर नेऊन ठेवलेत आणि शनिवारी वडखळला अडकलास की समुद्र वगैरे सगळं विसरतोस.

मंगळूरने मात्र बराच वेळ घेतला. आपल्याकडच्या जुन्या घरांवर जी मंगलोरी कौलं असतात ना, ती तिकडची, 1865 ला बासेल मिशनने तिथे कौलांचा कारखाना काढला त्याची ही सगळी परंपरा. गाव चढउताराचं, हिरवं, आणि एवढ्याशा गावात हॉस्पिटलं किती तर कासारगोडपासून लोक तिथे येतात. आईच्या अँजिओप्लास्टीनंतर मी गावात शिरलो की आधी हेच बघतो, त्या हिशोबाने मंगळूर एक नंबर. खाण्याचं तर बोलूच नकोस, नीर डोसा आईला इतका आवडला की तव्यासकट घेऊन जाऊ म्हणाली. पण रिक्षा स्टँडवर उभं राहिलं की तुळू, कन्नड, ब्यारी, कोकणी सगळं एकदम कानावर येतं, आणि फिजिओथेरपीची कॉलेजंच तिथे इतकी आहेत की दरवर्षी नवीन पोरं बाहेर पडतात, त्यांना तुळूही येते आणि कन्नडही, मग पुण्याहून आलेल्या बाईंकडे कोण कशाला जाईल?

राहिल्या दोन, पणजी आणि रत्नागिरी. इथे आमच्या घरात खरी जुंपली.

पणजी माझी होती. पाट्टोला कृष्णदास शामा लायब्ररी आहे, तिथे लॅपटॉप घेऊन बसलो तर परत उठावंसं वाटेना, कला अकादमी, नोव्हेंबरात इफ्फी हा फिल्म फेस्टिव्हल, सकाळी भोंगा वाजवत सायकलवरून येणारा पोदेर म्हणजे पाववाला, त्याचे गरम पाव, पोळी, उंडो, अजून काय पाहिजे माणसाला. मराठी पेपर मिळतो, मराठी नाटक होतं, पेशंटशी बोलायची अडचण नाही. बांबोळीला जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल, हाकेवर. पुण्याला यायला गोवा एक्सप्रेस रोजची आहे, दूधसागर बघत घाट चढायचा, घाईच असेल तर विमान. कागदावर पणजीच जिंकत होती.

मग जागा बघायला लागलो. मिरामार, दोना पावला तर सोडूनच दे, ताळगावला एक बरा फ्लॅट मिळाला, भाडं बाणेरएवढंच, म्हटलं ठीक आहे. मालक भला माणूस, चहा दिला, फेणी घेणार का विचारलं, आणि मग हळूच म्हणतो, नाताळाच्या सुमारास थोडे दिवस रिकामा करून द्याल का, तेव्हा टुरिस्ट तिप्पट देतात, सामान एका खोलीत बंद करून ठेवा हवं तर. मी हसलो, मला वाटलं मस्करी करतोय. सुप्रिया नाही हसली. खाली आल्यावर म्हणाली, मी क्लिनिक टाकणार आणि डिसेंबरात पेशंटना काय सांगू, आमच्या घरी पाव्हणे आलेत? नंतर दुसऱ्या एका ठिकाणीही थोड्याफार फरकाने हेच ऐकलं. सगळे मालक असे नसतील, मान्य, पण जिथे चार दिवस येणारा माणूस वर्षभर राहणाऱ्यापेक्षा जास्त पैसे देतो तिथे भाडेकरूची किंमत काय राहणार? वर दुसरं राज्य, म्हणजे तिच्या रजिस्ट्रेशनचे कागद परत नाचवा. आणि संध्याकाळी मांडवी नदीच्या काठाने फिरायला जावं तर पाण्यात कॅसिनोच्या बोटी झगमगतायत आणि रस्त्यावर दिल्ली-हैदराबादच्या गाड्या पार्किंग शोधतायत. माझा उत्साह तिथेच निम्मा झाला, बाकीचा निम्मा मी बरेच दिवस दाबून ठेवला होता.

रत्नागिरी सुप्रियाची. तिचं लॉजिक ऐक. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी कमी झाली, जनगणनेतच आहे. तरणी माणसं मुंबईला, आईबाप गावाला. म्हणजे घरोघरी म्हातारं जोडपं, चढउताराचं अंगण, जांभ्याच्या पायऱ्या, कुणाचे गुडघे गेलेले, कुणाची कंबर, शिवाय आंब्याच्या सीझनला झाडावरून पडलेले आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर टोपल्या उचलून उचलून मान धरलेल्या बायका. घरी जाऊन व्यायाम करून घेणारं माणूस मिळतच नाही असं तिथल्या एका हाडांच्या डॉक्टरांनीच तिला सांगितलं. मी समुद्र शोधत होतो आणि ही गुडघे मोजत होती.

आम्ही मुद्दाम भर जुलैत गेलो. मित्रा, किनाऱ्याचं गाव बघायचं तर पावसातच बघावं, डिसेंबरात कुठलंही गाव गोडच दिसतं. पुण्यात वर्षाचा पाऊस 700-750 मिलिमीटर, रत्नागिरीत 3,000 च्या वर. थिबा पॅलेसच्या बाजूला एका काकूंचा वरचा मजला बघितला. मोठी हवेशीर खोली, पश्चिमेला ही एवढी खिडकी, आणि लांब पत्र्यांच्या वरून समुद्राची एक करडी पट्टी. मी मनातल्या मनात टेबल तिथे मांडून पण टाकलं. कडी काढायला गेलो तर काकू म्हणाल्या, ती नको उघडूस हो, जून ते सप्टेंबर ती खिडकी नाहीच असं समजायचं. खाली चौकटीत जुन्या धोतराचे बोळे कोंबलेले आणि तरी लादीवर पाण्याचा ओघळ. कपाट उघडून दाखवलं, आत कापूर आणि कडुनिंबाचा पाला, म्हणे चामड्याचं काही आणू नका, बुरशी धरते. सुप्रियाने टेबल फिरवून पूर्वेच्या भिंतीला लावायचं तिथल्या तिथे ठरवलं. मग मी लॅपटॉप काढून प्रत्येक खोलीत जाऊन व्हिडीओ कॉल लावून बघितला, काकू मागे मागे बघत फिरतायत, भिंती जांभ्याच्या जाड, मोबाईलला फुल रेंज फक्त जिन्यात. म्हणजे फायबरची दोन कनेक्शनं दोन वेगवेगळ्या कंपन्यांची आणि मोठा इन्व्हर्टर, याला पर्याय नाही. 2020 च्या निसर्ग वादळात वरच्या दापोली-मंडणगडकडे कित्येक दिवस लाईट नव्हती हे काकूंनीच ऐकवलं, वर म्हणाल्या, पण मेणबत्त्या असतात हो आमच्याकडे. क्लायंटला सांगतो म्हटलं.

आणि गंमत बघ, एवढा पाऊस पडून एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ! जांभ्यात पाणी ठरतच नाही, सगळं झिरपून समुद्रात. म्हणून भाडं विचारायच्या आधी विहीर आहे का विचारायचं. काकूंकडे आहे आणि मेच्या शेवटापर्यंत पुरते म्हणतात, शेजारच्या बाईंना वेगळं विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं म्हणून विश्वास ठेवतोय.

वाईट बाजू पण सांगतो नाहीतर म्हणशील बायकोचं ऐकून आंधळा झाला. सिव्हिल आहे, सरकारी मेडिकल कॉलेज आत्ता आत्ता सुरू झालंय, पण हृदयाचं मोठं काही झालं तर लोक अजून आंबा घाटाने कोल्हापूर गाठतात, 130 किलोमीटर, आणि पावसात घाट म्हणजे घाट. यावरून माझी झोप उडाली होती. आईच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं, त्यांनी गोळ्या, तपासण्यांचं वेळापत्रक आणि काय झालं तर पहिल्या तासात काय करायचं हे सगळं लिहून दिलं, आणि तिथल्या एका फिजिशियनचा नंबर. तेवढ्यावर मी गप्प बसलोय, पूर्ण पटलंय असं नाही. विमान नाही, विमानतळावर सध्या कोस्ट गार्ड. पुण्याला थेट गाड्या आठवड्यातून मोजक्याच, म्हणजे ऑफिसला जायचं तर एसटी नाहीतर आपली गाडी. पण वाटेत कराड! सकाळी निघालो तर जेवायला घरी, रात्री मुक्काम, पहाटे पुणं. पणजीला हे सुख नव्हतं.

आणि शहर म्हणशील तर 2011 च्या हिशोबाने 76 हजारांच्या आसपास वस्ती, मारुती मंदिरापासून मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत स्कूटरवर गाणं संपायच्या आत पोचतो. मॉल नाही, नाटकाचे प्रयोग असतात, भाट्याचा किनारा आहे, मासे आहेत, तेही एक जून ते 31 जुलै बंदी असते तेव्हा सुकटीवर भागवायचं. ब्रिटिशांनी 1885 ला राज्य काढून घेऊन थिबा राजाला ब्रह्मदेशातून आणून याच गावात ठेवला होता, 1916 ला तो इथेच वारला, तेव्हा नको असताना इथे रिलोकेट झालेला मी काही पहिला नाही.

तर झालं असं की रत्नागिरी. आधी अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, पुण्याचा फ्लॅट भाड्याने देतोय, विकत नाही. चिनूची शाळा 15 जूनच्या सुमारास चालू होते म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात सामान हलवणार, म्हणजे थेट पावसाच्या तोंडात. आईने आत्तापासून आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, यादी काढलीय, पापड-कुरडया हवाबंद डब्यात, दोन ताडपत्र्या, नवीन छत्र्या, आणि यादीत सगळ्यात वर तुझं नाव आहे, काळी मिरी आणि वेलची तुझ्याकडून यायचीय.

तुझ्याकडे माझी कामं दोन. एक, तुम्ही नेव्हीवाले खाऱ्या हवेत मशिनरी कशी सांभाळता ते नीट विचारून सांग, सुप्रियाचं दुखण्यावर करंट द्यायचं आयएफटी मशीन नवीन आहे आणि तिच्या टेबलाचे पाय लोखंडी, ते गंजले तर ती मला समुद्रात बुडवेल. डीह्युमिडिफायर घ्यावा का आणि केवढा, की एसी ड्राय मोडवर ठेवून भागतं? दोन, गणपतीत तू आणि वहिनी या. कोकण रेल्वेचं बुकिंग आता 60 दिवस आधी उघडतं, गणपतीच्या गाड्या उघडल्या उघडल्या फुल्ल होतात, तुला खालून वर यायचंय म्हणून थोडी कमी गर्दी असेल पण चान्स घेऊ नकोस, अलार्म लाव.

कोचीवर अजून भांडायचं असेल तर फोन कर, पण रविवारी, सोमवारी काकूंना टोकन द्यायचंय.

तुझा,
पश्या

ता.क. आई विचारतेय मिरी गेल्या वेळसारखी जाड असेल ना. बारीक आणलीस तर परत पाठवेल, सांगून ठेवतो.