मिरजेच्या काकूंना अनावृत पत्र

ती. काकूंना शि. सा. न. वि. वि.

जाहीर कौतुक तुम्हाला आवडत नाही, म्हणून नाव घालत नाही. पण फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय बदलता. आता हे चार लोकांसमोर लिहितेय. बदला विषय!

जानेवारी 2019. ओहायोतली हाडं गोठवणारी थंडी. फॉस्टर पालक, म्हणजे मूल घरी परत जाईपर्यंत तात्पुरतं सांभाळणारे, म्हणून आमची नोंदणी होऊन दोनच महिने झाले होते. फोन आला, नऊ दिवसांची मुलगी आहे, अजून हॉस्पिटलात आहे, आई व्यसनावर उपचार घेतेय, घ्याल का? तिचं खरं नाव लिहायची परवानगी नाही. आपण तिला चिमी म्हणायचो, इथेही चिमीच.

नवजात विभागाच्या दारात पोचलो, तर आतून कुणीतरी मराठीत आकडे मोजत होतं. "एकवीस, बावीस, तेवीस..." मला वाटलं भास झाला. पाहिलं तर पांढऱ्या केसांच्या, स्वयंसेवकाचा बिल्ला लावलेल्या तुम्ही, एका गुंडाळलेल्या बाळाला छातीशी धरून सावकाश वर-खाली झुलवत होता. डावी-उजवीकडे नाही, वर-खाली. तीच चिमी. चाळीस वर्षं नर्सिंग करून निवृत्त झाल्यावर मुलाकडे आलात आणि तिथेही स्वस्थ बसवेना, म्हणून आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्यांची बाळं धरायला येत होतात.

तसलं रडणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. किरटं, उंच पट्टीतलं, मध्ये श्वासही न घेणारं. हनुवटी थरथरायची, हातपाय काठीसारखे ताठ, सात-आठ शिंका ओळीने, दूध ओढायला जायची आणि दोन घोटांत हरवून जायची. सारखं पातळ होऊन ढुंगण सोलवटलेलं. मी तुम्हाला विचारलं, "ही व्यसनीच जन्मली का हो?" तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत, की मला शाळेतल्या बाई आठवल्या. "व्यसन म्हणजे दुष्परिणाम दिसत असूनही त्या वस्तूच्या मागं लागणं. हिला बाटली कुठं आहे ते अजून कळत नाही. शरीराला सवय झाली होती, नाळ कापली, पुरवठा तुटला. एवढंच झालंय."

मग मला सगळं उलगडून सांगितलंत. हेरॉइन असो, वेदनाशामक गोळ्या असोत की उपचाराचं औषध, ही ओपिऑइडं, म्हणजे अफूच्या जातीची द्रव्यं, वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातात. जन्मानंतर बहुधा एक ते तीन दिवसांत त्रास सुरू होतो. तिथल्या नर्सेस दर तीन-चार तासांनी फिनेगन तक्त्यावर एकेका लक्षणाला गुण मांडत. लोरेटा फिनेगन या डॉक्टरबाईंनी 1975मध्ये बसवलेला तो तक्ता. गुण वाढले की मॉर्फिनचे थेंब द्यायचे आणि मग रोज थोडे कमी करत आणायचे. तुम्ही तक्त्याला नावं ठेवली नाहीत, पण म्हणालात, "शिंका मोजायला झोपलेलं पोर उठवू नये." दिवे मंद, आवाज बंद, घट्ट गुंडाळणं, छातीशी धरणं. "आपली बाळंतिणीची खोली आठव. धुरी तेवढी सोड."

2023च्या एप्रिलमध्ये तुमचा व्हॉट्सअ‍ॅप आला, सोबत एक लिंक आणि एकच शब्द: "बघ." अमेरिकेतल्या 26 हॉस्पिटलांत 1305 बाळांवर केलेला अभ्यास होता. बाळ नीट खातंय का, झोपतंय का, शांत करता येतंय का, एवढंच पाहून काळजी घेतली, तर ती सरासरी 8.2 दिवसांत घरी जायला तयार झाली, तक्त्याच्या जुन्या पद्धतीत 14.9 दिवस लागले. औषध लागायचं प्रमाण 52 टक्क्यांवरून 19.5 टक्क्यांवर आलं. "बघ" या शब्दातला तोरा माझ्या लक्षात आला हो, काकू.

पण मला खरं सावरलंत ते चिमीच्या आईच्या बाबतीत. गरोदरपणात ती उपचार केंद्रात ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे व्यसनावरच्या उपचाराचं ओपिऑइड औषध, घेत होती, आणि मी मनात तिला शिव्या घालत होते. पोटात मूल असताना तरी बंद करायचं की! तुम्ही बाटल्या उकळता उकळता, वर न बघता म्हणालात, "एकदम सोडलं असतं तर ती बहुतेक पुन्हा रस्त्यावरच्या मालाकडे वळली असती. मग ना ती राहिली असती, ना ही. बाळाचा हा त्रास बरा करता येतो. मेलेल्या आईला काय करणार?" आठवड्याच्या भेटीला ती यायची तेव्हा तुम्ही मुद्दाम तिच्याच हातात बाळ द्यायचात आणि मला चहा करायला पाठवायचात. त्याचा मला राग यायचा. आता सांगायला हरकत नाही.

त्या वर्षी गणपतीत आरतीनंतर कुणीतरी प्रसाद घेता घेता विचारलं, "हे गर्दुल्लीचं मूल ना?" माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. तुम्ही त्या बाईंना मोदक वाढलात आणि तुमच्या आजीची गोष्ट सांगितलीत. गिरणीत पाळीला जाताना मागे तान्ही झोपून राहावीत म्हणून चाळीतल्या बाया त्यांना अफूची बाळगोळी चारायच्या, तुमच्या आजीनेही चारली होती. "माझ्या बापाला दिली होती," म्हणालात. पोटातलं आणि जन्मानंतरचं एकच नव्हे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पण पुढे कुणी विचारलं नाही.

चिमी पाच महिन्यांची असताना तुम्ही फोटो बघून म्हणालात, दोन्ही डोळ्यांतला प्रकाशाचा ठिपका वेगवेगळ्या जागी दिसतोय. मी फोटोच वाईट आलाय म्हटलं. तो तिरळेपणा निघाला, अशा मुलांत तो जास्त आढळतो. वेळेत कळलं म्हणून पट्टीवर भागलं. ती पट्टी तिने दिवसातून किती वेळा काढून फेकली ते तुम्ही आणि मीच जाणे. पाय ताठ, चवड्यांवर उभी राहायची. शून्य ते तीन वयाच्या मुलांसाठी घरी येणाऱ्या थेरपिस्टचा अर्ज तुम्ही समोर बसवून माझ्याकडून भरून घेतलात, "काही दिसेपर्यंत थांबू" हे माझं म्हणणं धुडकावून.

आणि ती रात्र. मी दोन वाजता ऑस्ट्रेलियातला 2017चा अभ्यास वाचून तुम्हाला फोन केला होता. न्यू साउथ वेल्समधल्या अशा मुलांचे शाळेतले गुण तिसरीतच कमी, सातवीपर्यंत तफावत वाढलेली. मी रडत होते. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "खोटं नाही ते. लक्ष लागणं, बोलणं, वागणं, तिथं अडेल कदाचित. डोळे उघडे ठेव. पण त्यातलं किती अफूचं, किती सिगारेटचं, किती गरिबीचं आणि दर सहा महिन्यांनी घर बदलण्याचं, हे वेगळं काढणं फार अवघड. आणि तो आकडा हजारो पोरांचा आहे. तुझ्या मांडीवर एक आहे." इस्राएलमधल्या एका अभ्यासाचंही सांगितलंत. हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आयांची जी मुलं लहानपणी दत्तक गेली, ती बुद्धीच्या चाचण्यांत इतर मुलांच्या जवळपास होती, चंचलपणा मात्र त्यांच्यातही जास्त होता. तेही लपवलं नाहीत.

सोळा महिन्यांची असताना कोर्टाने चिमीला तिच्या आईकडे परत दिलं. बरोबर झालं. मी आठ दिवस स्वयंपाक केला नाही, तुमचा डबा यायचा.

तुम्ही मिरजेला परत गेलात त्यालाही आता दोन वर्षं झाली. चिमी किंडरगार्टनला जाते. बोलायला उशिरा लागली, आता थांबत नाही. एका जागी बसत नाही, म्हणून बाईंनी तिला वर्गात पाणी वाटायचं काम दिलंय. आई अजून औषध घेते आणि एका बेकरीत नोकरी करते. परवा तिचाच फोन आला होता, चिमीला "तो पिवळा भात" हवाय म्हणून. मऊ गुरगुट्या, हळद-हिंगाचा, वर तूप. मी कृती सांगितली आणि शिट्ट्यांपाशी अडले. मी तीन म्हणते, तुम्ही चार करायचात बहुतेक.

तेवढं कळवा. ती रविवारी करणार आहे.

तुमची,
ओहायोची सूनबाई (तुम्हीच ठेवलेलं नाव)