रविवारच्या लघुचित्र बैठकीसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ठीक ७ वाजता बागेतल्या पारिजातकाखाली जमायचे आहे. वेळ इतकी लवकरची आहे कारण पारिजातक रात्री उमलतो, पहाटे गळतो आणि ऊन चढले की पाकळ्या कोमेजू लागतात. म्हणून आधी फूल रंगवू, पाने नंतर. जास्वंद आणि गोकर्ण दुपारपर्यंत दम धरतात.

झाडावरचे फूल कृपया तोडू नये, खाली पडलेलेच घ्यावे. ओले फडके घातलेला झाकणाचा डबा आणलात तर ते जास्त वेळ ताजे राहील.

कागद जलरंगाचा, ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड), हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत पृष्ठाचा हवा. खरबरीत कागदावर पानाफुलांच्या बारीक शिरांच्या रेषा तुटतात. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराचे तुकडे घरूनच कापून आणा. ब्रश शून्य आणि दोन नंबरचे, टोक शाबूत असलेले. भिंगही हवेच.

पारिजातकाच्या पाकळ्यांना पांढरा रंग लावू नका. कागदच कोरा सोडा आणि कडेला अगदी पातळ करडी छटा द्या. केशरी देठ मात्र मनापासून रंगवा, या फुलाचा सगळा जीव तिथेच आहे. पानाचा हिरवा ट्यूबमधून थेट घेऊ नये. निळा-पिवळा मिसळून त्यात कणभर लाल घातला की तो खरा वाटतो.

जहांगीरच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरने काश्मीरची फुले अशीच निरखून रंगवली होती. नवीन सभासदांनी त्याचे ट्युलिपचे चित्र जरूर पाहून यावे.

येणाऱ्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत गटावर नाव कळवावे. पाऊस असल्यास बागेच्या पडवीत बसू.